तिळाची वडी आणि वीस मेगापास्कल

गेल्या संक्रांतीची गोष्ट. शेजारच्या काकूंनी दिलेली तिळाची वडी मी डाव्या बाजूला चावली, तोंड उघडले, आणि वरच्या दातांना चिकटलेल्या वडीबरोबर खालच्या दाढेवरची कॅप उचलून वर आली. चारच महिन्यांपूर्वी त्या दाढेचे रूट कॅनाल होऊन तिच्यावर झिर्कोनियाची, म्हणजे एका अतिशय बळकट पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप बसवली होती. दुखले काहीच नाही. पैसे आठवून मात्र वाईट वाटले. कॅप धुतली, एका डबीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ती डबी घेऊनच अकरावीच्या वर्गावर गेलो.

वर्गात प्रतिबलाची उजळणी चालली होती. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे प्रतिबल, हे तुम्हांला ठाऊक आहे. दातांच्या सिमेंटांच्या माहितीपत्रकांत त्यांची पकड मेगापास्कलमध्ये छापलेली असते. वीसच्या आसपासचे आकडे त्यांत नेहमी आढळतात. मी फळ्यावर वीस मेगापास्कल लिहिले. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन. कॅपचा आतला पृष्ठभाग अंदाजे एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंभर चौरस मिलिमीटर धरला. गुणाकार केला : २००० न्यूटन. सुमारे दोनशे किलोग्रॅम वजन. तीन धडधाकट माणसे कॅपला लोंबकळली तरी ती निघू नये!

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग वडीनं कशी निघाली?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. चावताना जबडा मोठे बल लावतो. मागच्या दाढांवर ते कित्येकशे न्यूटन भरते. तोंड उघडणारे स्नायू मात्र त्यामानाने फारच दुबळे. दोन हजार न्यूटनांची गोष्ट सोडाच, त्याच्या आसपाससुद्धा ते जात नाहीत. मग आकडा खोटा म्हणावा काय? पुढचे काही आठवडे मी या प्रश्नाच्या मागे लागलो. त्यातून माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो. पकडीचा आकडा हा बाटलीतल्या सिमेंटचा गुणधर्म नसतो. तो दोन पृष्ठभाग, त्यांची तयारी, मधला ओलावा, मोजण्याची रीत आणि गेलेला काळ या सर्वांचा मिळून असतो. आणि ही गोष्ट आम्ही शिक्षक शाळा-कॉलेजात शिकवीत नाही. आकड्यापुढे एकक लिहिले की अर्धा गुण, एवढेच शिकवतो.

आता मुळापासून पाहू. कपबशी फुटली तर दोन तुकडे पुन्हा एकमेकांवर दाबून ते जुळत का नाहीत? रेणू तेच आहेत, त्यांच्यातील आकर्षणही तेच आहे. अडचण अंतराची आहे. रेणूंमधले आकर्षण रेणूच्या आकाराएवढ्या अंतरावरच जोरदार असते, आणि आपल्याला गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग त्या मापाने पाहिला तर सह्याद्रीसारखा असतो. दोन सह्याद्री एकमेकांवर पालथे घातले तर शिखरे शिखरांना कुठे कुठे टेकतील, तेवढाच स्पर्श. म्हणून चिकटवणारा पदार्थ आधी द्रव असावा लागतो. त्याने पसरून, पृष्ठभाग भिजवून, दऱ्याखोऱ्यांत शिरले पाहिजे. आणि मग तेथेच घट्ट झाले पाहिजे. तेलकट ताटलीवर पाण्याचे थेंब गोळा होऊन बसतात, तसा द्रव थेंब होऊन बसला तर पुढचे सारे व्यर्थ. थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन आणि भिजण्याची क्रिया यांचा संबंध टॉमस यंग यांनी १८०५ सालीच सांगून ठेवला आहे. आम्ही तो केशनलिकेपुरता शिकवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. दातांचे 'सिमेंट' म्हणजे गोंद, अशी आपली समजूत असते. ते पूर्वी तसे नव्हतेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दंतवैद्य झिंक फॉस्फेटचे सिमेंट वापरीत आले. झिंक ऑक्साइडची पूड आणि फॉस्फरिक आम्लाचा द्रव काचेच्या पट्टीवर कालवून ते बनते. ते दाताशी रासायनिक रीत्या जोडले जात नाही. कॅप आणि दात यांच्यामधली फट भरणे आणि दोन्हीकडच्या बारीक खडबडीत भागांत अडकून बसणे एवढेच त्याचे काम. ही फट किती? बसवण्याच्या सिमेंटचा थर २५ मायक्रॉनांपेक्षा जाड होऊ नये असे त्याचे मानक आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही हा थर पातळ झाला.

मग न चिकटणाऱ्या सिमेंटवर कॅपा वर्षानुवर्षे कशा टिकत? घरातले स्टीलचे पेले आठवा. जवळजवळ उभ्या भिंतींचे दोन पेले एकात एक ठेवले की असे अडकतात की गरम पाण्यात धरावे लागतात. पसरट वाट्या मात्र कधी अडकत नाहीत. दंतवैद्य दात तासून त्याचा असाच पेला करतात : भिंती शक्य तितक्या समांतर, उंची शक्य तितकी जास्त. समोरासमोरच्या दोन भिंतींचा मिळून सुमारे ६ अंशांचा उतार पाठ्यपुस्तकांत आदर्श मानला जात आला आहे. तोंडात हात घालून तो साधणे महाकठीण, आणि प्रत्यक्षात उतार बहुधा जास्तच होतो. उतार वाढला की पकड झपाट्याने घसरते, हे यॉर्गेनसेन यांनी १९५५ साली प्रयोगाने दाखवले होते. म्हणजे कॅपला धरून ठेवणारी खरी वस्तू दाताचा आकार ही होती. सिमेंट तिचे साहाय्यक.

या पद्धतीची किंमत दात मोजतो, आणि या सगळ्या चर्चेत मला खरोखर महत्त्वाचे वाटते ते हेच. भिंती उभ्या करायच्या, वर सिरॅमिकच्या जाडीला जागा करायची, म्हणजे चांगला, निरोगी दातही तासावा लागतो. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ साली पुढच्या दातांवर तासकामाचे मोजमाप केले. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचे वजनाने ६३ ते ७२ टक्के तासले जाते असे त्यांना आढळले. सिरॅमिकचा पातळ पापुद्रा चिकटवायचा असेल किंवा चिकटवून बसणारा लहानसा पूल करायचा असेल, तर हेच प्रमाण ३ ते ३० टक्के येते. नख पुन्हा वाढते, हाड पुन्हा सांधते. पण एनॅमल एकदा गेले की शरीर ते परत बनवीत नाही. पापुद्र्याला आकाराचा आधार नसतो, तो केवळ चिकटण्याच्या भरवशावर उभा असतो. चांगल्या आसंजनामुळे माणसाच्या अंगचा जिवंत भाग वाचतो, तो असा.

हे चिकटणे शक्य कसे झाले? १९५५ सालीच अमेरिकेत रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी एक साधी गोष्ट केली. लोखंडी सामानाला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत ते आधी फॉस्फरिक आम्लाने धुतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तेच आम्ल दाताच्या एनॅमलवर तीस सेकंद लावले, धुतले, वाळवले आणि वर ॲक्रिलिक राळ लावली. ती कितीतरी जास्त टिकली. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. आम्ल त्यातील काही भाग विरघळवून सूक्ष्म खळगे पाडते. पातळ राळ त्यांत शिरते आणि कडक झाली की हजारो बोटे रुतवून बसते. रंगाऱ्याची युक्ती दंतवैद्यकात आली आणि तिने एक नवे युग सुरू केले. एका शास्त्रातील माणसाने दुसऱ्याच्या दुकानात डोकावण्याचे फळ असे असते. आमच्याकडे मात्र पदार्थविज्ञानाच्या मास्तराने रसायनाच्या तासाला पाय ठेवला तरी भुवया उंचावतात. असो.

एनॅमलच्या आत डेंटिन असते, आणि तेथे काम अवघड होते. डेंटिनमध्ये खनिजाखेरीज तंतू आणि पाणी आहे. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या ओलसर असतात. अगदी कोरडे केले तर तंतू सुकून एकमेकांना चिकटतात आणि राळ शिरायला जागा उरत नाही. फार ओले ठेवले तर पाणीच जागा अडवते. १९८२ साली जपानमध्ये नाकाबायाशी यांनी दाखवले की योग्य तयारी केली तर राळ तंतूंच्या जाळ्यात झिरपते आणि अर्धा दात, अर्धी राळ असा एक मिश्र थर तयार होतो. चांगली पकड म्हणजे हा थर. दरम्यान १९६८ साली मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट काढले. दातातील कॅल्शियमशी खऱ्या अर्थाने रासायनिक नाते जोडणारे ते पहिले सिमेंट. त्यापाठोपाठ लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांचे काचेची पूड व पॉलिॲक्रिलिक आम्लाचे ग्लास आयोनोमर आले. त्याच्या पकडीचा आकडा राळ-सिमेंटांच्या मानाने लहानच असतो. पण थोडा ओलावा त्याला चालतो, ते फ्लोराइड सोडते आणि तापल्यावर जवळजवळ दाताइतकेच प्रसरण पावते. माहितीपत्रकात ठळक छापण्याजोगा आकडा नसला तरी काम चोख करणारे असे पदार्थ मला आवडतात.

ही झाली दाताची बाजू. जोड दोन बाजूंचा असतो, आणि माझी कॅप निसटली ती दुसऱ्या बाजूला.

सिरॅमिकमध्ये काच असेल तर हायड्रोफ्ल्युओरिक आम्ल ती खाते आणि पृष्ठभागाची चाळण होते. १९८३ साली सायमनसेन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलीन अशा रीतीने कोरून त्यावर राळ घट्ट बसते हे दाखवले, आणि पापुद्र्यांचा मार्ग मोकळा झाला. आज लिथियम डायसिलिकेट नावाच्या काच-सिरॅमिकला या आम्लाचे पाच टक्क्यांचे द्रावण वीस सेकंद लावतात. (हे आम्ल अत्यंत घातक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याचे नावही काढू नये.) मग येते सिलेन. या रेणूला जणू दोन हात असतात. एकाने तो काचेला धरतो, दुसऱ्याने राळेला. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे काम आहे, आणि मध्यस्थाप्रमाणेच दीर्घकाळ पाण्यात राहिला की तो काहीसा ढिला पडतो.

झिर्कोनियात काचच नाही. नेहमीच्या रीतीने आम्ल लावून तो कोरला जात नाही, सिलेनलाही धरायला काही सापडत नाही. त्याच्या अंगावर सुमारे ५० मायक्रॉनांच्या ॲल्युमिना कणांचा हवेच्या दाबाने मारा करतात, आणि मग एका टोकाला फॉस्फेट गट असलेला रेणू वापरतात. हा रेणू जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी वापरात आला. त्याचे नाव लांबलचक आहे; एमडीपी म्हणू. फॉस्फेटचे टोक झिर्कोनियाला घट्ट धरते, दुसरे टोक राळेत मिसळते.

गंमत पुढेच आहे. लाळेतही फॉस्फेट असलेले पदार्थ असतात, आणि झिर्कोनियाला त्यांचेही तितकेच प्रेम. कॅप नीट बसते का हे पाहण्यासाठी ती आधी तोंडात लावून बघतात. त्या मिनिटभरात लाळेतील रेणू सगळ्या जागा पटकावून बसतात, एखाद्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून ठेवावेत तसे. मागून आलेल्या एमडीपीला उभे राहण्यापुरतीही जागा मिळत नाही. पाण्याने धुऊन हे जात नाही. फॉस्फरिक आम्लाने धुवावे, तर तेच आपले फॉस्फेट मागे ठेवून जाते! ज्या आम्लाने एनॅमलचा प्रश्न सोडवला तेच येथे घातक ठरते. कणांचा मारा पुन्हा करावा लागतो, किंवा यासाठी बनवलेली खास पेस्ट वापरावी लागते.

आता कबुलीजबाब. माझी कॅप बसवणारी दंतवैद्या माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने त्या दिवशी सांगितले होते, "सर, अजून पंधरा मिनिटं बसावं लागेल. कॅपला लाळ लागलीय, ती परत साफ करून घेते. आणि कापसाचे बोळे थोडे सहन करा." मी घड्याळ पाहिले. "अगं, प्रॅक्टिकलची बॅच खोळंबलीय माझी. पुसून घे आणि बसवून टाक." बिचारीने जुन्या मास्तरांची भीड धरली. झिर्कोनियाने धरली नाही.

संक्रांतीनंतर तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आरशाने दाढ पाहिली आणि म्हणाली, "सर, सिमेंट सगळं दातावरच राहिलंय." कॉलेजात नेऊन मी कॅपची आतली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, ती जवळजवळ स्वच्छ होती. म्हणजे सिमेंट तुटले नाही, दाताने त्याला सोडले नाही, सोडले झिर्कोनियाने. साखळीतली नेमकी कोणती कडी निखळली हे तुटलेल्या तुकड्यांवर लिहिलेले असते. आम्ही मात्र तुटले की कागदावर भार टिपतो आणि तुकडे फेकून देतो. भरीला माझी दाढ आखूड होती, पेला उथळ होता. आकाराचा आधार थोडा आणि पकडीवर भार जास्त, अशा ठिकाणी घाई महागात पडणारच.

आता त्या वीस मेगापास्कलकडे परत येऊ. असे आकडे प्रयोगशाळेत कसे काढतात? उपटलेला मानवी दात किंवा बैलाचा दात सपाट घासतात, त्यावर पदार्थाचा छोटासा दंडगोल चिकटवतात, ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात एक दिवस ठेवतात आणि यंत्राने तो बाजूने ढकलतात किंवा सरळ ओढतात. काही वेळा आधी ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने शेकडो वेळा बुडवतात. गरम चहावर थंड सरबत प्यावे तसे. तुटताना लागलेले बल भागिले क्षेत्रफळ, हा झाला आकडा. या भागाकारात एक गृहीत दडलेले आहे. भार सगळ्या क्षेत्रफळावर सारखा वाटला गेला असे आपण मानले. तो तसा वाटला जात नाही. कडेजवळ, बुडबुड्याजवळ, राहून गेलेल्या ओरखड्याजवळ प्रतिबल कितीतरी जास्त असते, आणि भेग तेथून सुरू होते. उरलेला सगळा भाग मजबूत असून उपयोग नाही, कारण भेग पुढे सरकते तशी त्याची पाळी एकामागून एक येते.

ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेचे बारीक होत जाणारे धागे ताणून पाहिले होते. सर्वांत बारीक धाग्यांचे बळ नेहमीच्या काचेच्या सुमारे वीस पट भरले. काच तीच! लहान वस्तूत मोठा दोष मावत नाही, हे त्याचे कारण. दातांच्या बाबतीत हेच १९९४ साली सानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले : जोडाचे क्षेत्रफळ जितके लहान, तितका पकडीचा आकडा मोठा. तेव्हापासून एक चौरस मिलिमीटरच्या आसपासचे इवलेसे जोड ओढून पाहण्याची रीत रूढ झाली. रीत उत्तम आहे. पण तिचा आकडा मोठ्या दंडगोलाच्या आकड्याशेजारी ठेवून 'आमचे सिमेंट दुप्पट बळकट' असे कोणी म्हणू लागला, तर तो दोन वेगळ्या परीक्षा मंडळांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून हुशारी ठरवीत आहे. कधी कधी जोड टिकतो आणि दातच तुटतो. तेव्हा तो आकडा जोडाचा नसून दाताचा असतो.

म्हणून माझा फळ्यावरचा गुणाकार चुकला होता. एक-दोन चौरस मिलिमीटरांवर, सपाट, कोरड्या, निवांत तयार केलेल्या जोडावर मिळालेली संख्या मी शंभर चौरस मिलिमीटरांच्या, वक्र, घाईत लाळेवर बसवलेल्या जोडाला लावली. वडीने ओढले तेही सरळ मधोमध नव्हे, एका कडेला.

यावर काही दंतवैद्य म्हणतील, "प्रयोगशाळेतील आकड्यांना काय घेऊन बसलात? तोंडात किती वर्षे टिकते ते पाहा." त्यांचे म्हणणे मला पुष्कळसे पटते. उंच, नीट तासलेल्या दाढेवर झिर्कोनियाची कॅप साध्या ग्लास आयोनोमरनेही चांगली राहते. तेथे सर्वांत मोठ्या आकड्याचे सिमेंट मागणे म्हणजे कौलाला पोलादी खिळे ठोकणे होय. शिवाय फार पक्की चिकटलेली कॅप पुढे काढायची वेळ आली तर ती कापूनच काढावी लागते. पण तोंडातील अनुभव यायला दहा वर्षे लागतात आणि नवे सिमेंट दर वर्षी बाजारात येते. तोवर हातात प्रयोगशाळेचाच आकडा असतो. तो वाचता यायला हवा, टाकून देऊन भागणार नाही. आणि कमी तासून पापुद्रा चिकटवू म्हणणारा दंतवैद्य किती खरे बोलतो आहे, हे पारखण्याचे दुसरे साधन रोग्यापाशी नसते. निदान 'कशावर मोजले, किती क्षेत्रावर, किती दिवस पाण्यात ठेवून' एवढे विचारता आले पाहिजे.

हे विचारायला शिकवण्याची जागा शाळा आहे. आज आसंजनाला आपण अर्धा तास देतो. पारा काचेला भिजवीत नाही, पाणी भिजवते, व्याख्या लिहून घ्या, संपले. माझ्या मते येथे एक प्रयोग हवा, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. मी तो त्या अकरावीच्या वर्गाकडून करवून घेतला.

साधी चिकटपट्टी घ्या. खिडकीच्या काचेवर तिचा सारख्या लांबीचा तुकडा दाबून बसवा, खालचे टोक मोकळे ठेवा, ते दुमडून त्यात स्प्रिंग-काट्याचा आकडा अडकवा. प्रथम काचेला समांतर, सरळ खाली ओढा. काटा किती दाखवतो ते पाहा. कित्येकदा पट्टी निघण्याआधी तुटेल. आता तसाच नवा तुकडा लावून काचेपासून काटकोनात, स्वतःकडे ओढा. किरकोळ बलाने पट्टी सोलत येईल. पट्टी तीच, काच तीच, क्षेत्रफळ तेच. मग 'पकड' किती? माझ्या वर्गात यावर दहा मिनिटे भांडण झाले, आणि मागच्या बाकावरचा तो प्रश्नकर्ता त्यात सर्वांत पुढे होता. त्याने दुसऱ्या दिवशी काचेवर खोबरेल तेलाचे बोट पुसून पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशी न सांगता जिभेने बोट ओले करून फिरवले. तेही वहीत लिहिलेले होते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. प्रत्येक स्थितीत पाच तुकडे मोजायला लावा आणि पाचही वाचने वहीत राहू द्या. विद्यार्थी सरासरी काढून बाकीची खोडतात, आणि आपण त्याला नीटनेटकेपणाचे गुण देतो. पाचांतले सर्वांत लहान वाचन तेवढे गोल करायला सांगा. कॅप निघते ती त्या वाचनाला, सरासरीला नव्हे. आणि तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवा : 'कोठे सुटले?' गोंद काचेवर राहिला की पट्टीवर, की मधूनच फाटला, ते भिंगाने पाहून तेथे लिहायचे.

माझी कॅप तिने पुन्हा बसवली. आधी दाढेवरचे जुने सिमेंट काढले, कॅपवर कणांचा मारा केला, बोळे घातले. पाऊण तास तोंड उघडे ठेवून मी छताकडे पाहत होतो. मध्ये एकदा घड्याळाकडे मान वळवली, तेव्हा ती म्हणाली, "सर, हलू नका." मी हललो नाही.